पेशकारसाहेबांचं मैदान

नळदुर्गच्या किल्ल्यातला धबधबा बघायला माणसं लांबून येतात आणि तोंड उघडं टाकून बघत राहतात. त्या धबधब्याकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे पेशकारसाहेब. दिवाळी होऊन गेली होती, तरी पाणी बऱ्यापैकी पडत होतं. तुषार साहेबांच्या काळ्या टोपीवर येत होते आणि साहेब डोळे बारीक करून समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. "ईटकर," ते मला म्हणाले, "इथून त्या बुरजापर्यंत पावलं मोजा बरं." मी म्हटलं, "साहेब, आधी धबधबा तरी बघा." त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी पुढं निदान शंभर वेळा ऐकलं असेल. "नजारा कुठं पळून जातो व्हय? सपाटी दाखवा, सपाटी."

पेशकार हे निजामाच्या कचेरीतलं पद. निजाम गेला, पद गेलं, फलकावर 'हेडक्लार्क' असं लिहून झालं, तरी उस्मानाबादेत त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. मी भूम तालुक्यातल्या ईटचा, शेतकऱ्याचा मुलगा, नवाच कारकून लागलो होतो. त्यांनी पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गावाचं नाव विचारलं आणि ईटकर करून टाकलं. कचेरीतल्या प्रत्येकाची त्यांनी मैदानावर एक जागा ठरवलेली होती. फिरतीवर पळणारा शिपाई राइट आउट. कुठलाही अर्ज परत पाठवणारे नाझर फुलबॅक. मला रेकॉर्डरूममध्ये बसवलं होतं, म्हणून मी गोलकीपर. "तुमचं काम सोपं आहे," ते म्हणाले. "उभं राहायचं. बॉल दिसला की हात घालायचा. बस."

तरुणपणी शिक्षणासाठी ते हैदराबादला होते. तिथल्या एका फुटबॉल संघाचा त्यांना नाद लागला तो कायमचा. खेळले मात्र एकदाही नाहीत. बॉलमध्ये पंपानं हवा भरायची आणि चामड्याची वादी ओवून तोंड शिवायचं, एवढं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की हवा त्यांच्यातच भरली आहे असं वाटावं. तो पंप घरी दिवाणखान्यात खिळ्याला टांगलेला होता. चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, रोज तो फडक्यानं पुसत आणि रोज पुटपुटत.

हंगामात साहेब सुखी असत. हैदराबादचं उर्दू वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी मोटारीनं येई. ते हाती पडेपर्यंत मॅचचा निकाल कानावर पडू नये म्हणून साहेब फार जपत. मोटारीचा ड्रायव्हर मुद्दाम खिडकीतून ओरडायचा, "पेशकारसाब, सांगू का?" आणि हे दोन्ही कानांत बोटं घालून स्टँडवरून पळत सुटायचे. जिल्ह्याचा हेडक्लार्क कानात बोटं घालून पळतो आहे हे दृश्य पक्षकारांनीही पाहिलेलं होतं. त्यामुळं त्यांच्या धाकात काही कमी पडल्याचं मला आठवत नाही.

खरी पंचाईत हंगाम संपला की होई. दिवाळीपासून मिरगापर्यंतच्या त्या रिकाम्या दिवसांना ते 'खाली मौसम' म्हणत. घरात बसले की चाचींच्या स्वयंपाकात लक्ष घालत, म्हणून चाचींनीच त्यांना दर रविवारी बाहेर काढायला सुरुवात केली. सोबतीला मी. मोटारीच्या टपावर दोन सायकली आणि डब्यात चाचींची खिचडी. आम्ही येडशीच्या रामलिंगला गेलो. मी दरी बघितली, साहेबांनी फांद्यांवरून उड्या मारणारी माकडं बघितली आणि "असा एक फॉरवर्ड पाहिजे" म्हणाले. परंड्याच्या किल्ल्यात तोफेला वळसा घालून ते तटावर चढले आणि प्रेक्षक कुठं बसतील ते मला दाखवलं. धाराशिवच्या लेण्यांत मोठ्या दालनातले खांब बघून ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, चला, एकदाचा माणूस हरखला. तर म्हणाले, "इतके फुलबॅक उभे केल्यावर गोल व्हायचा कसा?"

पण या थट्टेखाली एक दुखणं होतं, ते मला उशिरा कळलं. राज्यांची फेररचना झाली, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद पलीकडं राहिलं. जुन्या नोकरांना तिकडं जायची मुभा होती. कचेरीत पैज लागली होती की पेशकार पहिल्या मोटारीनं जाणार. पण त्यांची म्हातारी आई सास्तूरला होती, आणि ती काही जागची हलेना. "तुजं हैदराबाद तुला लखलाभ. माजी हिर हितं हाय," अंगणातल्या विहिरीकडं बोट करून एवढंच ती म्हणाली. साहेबांनी कागदावर 'इथंच राहणार' असं लिहिलं, सही केली, आणि शाई वाळायच्या आत संघाच्या चिटणिसांना पत्र टाकलं. आपल्याला जाता येत नाही, तर टीमनं एकदा आपल्याकडं यावं. एकच मॅच. माझ्या जिल्ह्याच्या मातीत.

वर्ष गेलं आणि उत्तर आलं. येत्या श्रावणात संघ लॉरीनं सोलापूरला जाणार होता. वाटेत एक दिवस थांबायला तयार होता. अट एकच: हमरस्त्यालगत एकशेदहा पावलं लांब आणि सत्तर रुंद, सपाट, बिनदगडी मैदान पाहिजे. ते पत्र साहेबांनी मला इतक्या वेळा वाचून दाखवलं की उर्दू न येणाऱ्या मला ते पाठ झालं. आता आमचे रविवार थट्टेचे राहिले नाहीत. किल्ल्यातली जागा तोकडी पडत होती, म्हणून नळदुर्गपासून उमरग्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना आम्ही पावलं मोजत हिंडलो. आमच्या भागात सपाट जमीन असेल तिथं पीक असतं आणि पीक नसेल तिथं दगड असतात, ही साधी गोष्ट मला जन्मापासून माहीत होती. साहेबांना ती पटायला पुरा उन्हाळा लागला.

आणि वैशाखातल्या एका रविवारी ती जागा सापडली. जळकोटच्या पुढं, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, एका चढाच्या मागं. तळहातासारखी सपाट जमीन, वर वाळलेलं बुटकं गवत, दगड औषधालाही नाही. साहेबांनी एकशेदहा पावलं टाकली, सत्तर टाकली, तरी जमीन उरली. एका बाजूला लांबलचक मातीचा उंचवटा होता, त्यावर झुडपं माजलेली. "बघा ईटकर," ते म्हणाले, "बसायला गॅलरीसुद्धा तयार आहे." मग ते खाली बसले, चष्मा काढला आणि पुसत राहिले.

मी पायाखाली बघत होतो. गवतात गोगलगाईंचे पांढरे शंख पडले होते. जमिनीला चौकोनी भेगा होत्या. आणि ती गॅलरी म्हणजे बांध होता. शेतकऱ्याच्या पोराला तळ्याचं पोट ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला होता म्हणून ते कोरडं होतं, एवढंच. मी तोंड उघडलंही होतं. पण साहेब चष्मा पुसत होते. शिवाय माझ्या सायकलची चेन तीनदा पडली होती आणि आणखी एक रविवार पावलं मोजायची माझ्यात ताकद नव्हती, हेही खरं. औंदाही पाऊस बेताचाच होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तोंड मिटलं.

जळकोटच्या सुताराकडून साहेबांनी वर आडवी दांडी असलेले बाभळीचे दोन गोलपोस्ट करून घेतले. सुतारानं "तितं उभं करायचं?" असं दोनदा विचारलं, साहेबांनी दोनदा "व्हय" म्हटलं. पोस्ट पुरले, त्यांना पांढरा चुना दिला. गावातली माणसं यायची, लांब उभी राहून बघायची आणि काही न बोलता जायची. पुढच्या खेपेला बघतो तो एका पोस्टला आंब्याच्या पानांचं तोरण आणि बुडाशी हळदकुंकू. साहेब गहिवरले. "बघा, यांनाही खेळाची कदर आहे," म्हणाले. मी मान हलवली. मला त्याचा अर्थ तेव्हा खरंच कळला नव्हता.

त्या वर्षी मृग, आर्द्रा, पुनर्वसू, एकाही नक्षत्रानं कसूर केली नाही. कचेरीतून निघणं झालं नाही, आणि साहेब रोज आभाळाकडं बघून म्हणत, "गवत छान येईल." मॅचला चार दिवस असताना आम्ही चुन्याच्या रेघा आखायला फक्कीचं पोतं घेऊन जळकोटला उतरलो. चढावर गेलो आणि थांबलो. समोर काठोकाठ तळं. दोन ठिकाणी पाण्यावर एकेक आडवी दांडी तेवढी दिसत होती. एका दांडीवर बगळा बसला होता.

एक म्हातारा बांधावरून लगबगीनं आला आणि साहेबांच्या पायाशी वाकला. "सायेब, तुमची कमान लागू पडली बगा," तो म्हणाला. "सरकारनं पानी मोजायला कमान हुबी केली म्हनल्यावर आमी म्हनलं, आता पाऊस येतोच. बायांनी पूजा केली. पार आडव्या दांडीपतुर आलं की वो पानी."

म्हणजे ते तोरण त्यासाठी होतं. सरकारी माणूस तळ्यात चुना लावलेले खांब पुरतो तो पाणी मोजायलाच, असं गावानं धरलं होतं, आणि म्हणून तिथं पाणी येतं हे त्याला सांगायची कुणालाच गरज वाटली नव्हती. साहेबांनी म्हाताऱ्याला उठवलं. "फार चांगलं झालं," ते म्हणाले. "आता पीक येईल." म्हातारा गेला. साहेब खांद्यावर पोतं घेऊन बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ईटकर, काही म्हणा. इतकी सपाटी आख्ख्या जिल्ह्यात न्हाय."

मी हसायला गेलो आणि मला रडू आलं. साहेबांनी ते पाहिलं, पण कारण विचारलं नाही. नळदुर्गच्या पोस्टात त्यांनी तारेचा फॉर्म घेतला, 'येऊ नका' लिहिलं, वाचलं आणि फाडला. "येऊ द्या त्यांना," ते म्हणाले. "मैदान न्हाय, तर नजारा तरी दाखवू."

ठरल्या दिवशी लॉरी आली. साहेब शेरवानी घालून रस्त्यात उभे होते, आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "कॅप्टनसाहेब, मैदान पाण्यात आहे. चूक माझी." वीस माणसं एकमेकांकडे बघायला लागली. संघाचे उस्ताद म्हातारे होते. त्यांनी साहेबांना निरखलं आणि विचारलं, "तू आमचा हवावाला ना?" इतक्या वर्षांनी ओळखलं.

त्यांना आम्ही किल्ल्यात नेलं. श्रावणातला धबधबा असा कोसळत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. ती तगडी माणसं लहान मुलांसारखी कठड्याला ओणवली. आणि त्यांच्या मधोमध आमचे साहेब, प्रथमच धबधब्याकडे तोंड करून. टोपी भिजली, चष्मा भिजला, तरी ते मागं सरले नाहीत. चाचींची खिचडी आणि तिच्यासोबतचा चिंचेचा आंबट खट्टा खाऊन झाल्यावर कॅप्टननं किल्ल्यातल्या मोकळ्या जागेत बॉल आणून त्यांच्यापुढं ठेवला. "आज तुम्ही मारायचा," तो म्हणाला. साहेबांनी शेरवानी वर धरली, चार पावलं मागं गेले आणि मारला. बूट एकीकडं गेला. बॉल तटावरून पलीकडं, थेट बोरी नदीत. वीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या जिल्ह्याच्या मातीतली मॅच ती तेवढीच.

पुढं त्यांची आई वारली, पेन्शन झाली, मुलगा हैदराबादला लागला होता, तेव्हा ते आणि चाची तिकडं निघाले. स्टँडवर पंप त्यांच्या काखेत होता. मोटार सुटायला आली तेव्हा ते खिडकीतून हळूच म्हणाले, "कीपर, बॉल येताना तुम्हाला दिसला होता ना?"

मी खाली मान घातली. "दिसला होता."

"मग हात का न्हाय घातला?"

"तुम्ही चष्मा पुसत होता."

खिडकीतून हात काढून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. "बरं केलं," म्हणाले. "तुम्ही अडवला असता, तर मी धबधब्याकडं कधी बघितलं असतं?" एवढ्यात मोटार हलली आणि त्यांचा हात सुटला.

त्यांनी क्षमा केली, पण मी स्वतःला पुरती केली नाही. तिकडून त्यांचं एकच पत्र आलं, उर्दूला सरावलेल्या हाताच्या वाकड्यातिकड्या मराठी अक्षरात, मुद्दाम माझ्यासाठी लिहिलेलं. 'घराच्या पुढे मैदान आहे, मागे मैदान आहे. रोज मॅच बघतो. ईटकर, इथे सपाटीच सपाटी आहे. नजारा नाही.' मी उत्तर लिहायला घेतलं, पण ते पुरं होण्याआधी साहेब गेल्याची बातमी आली.

त्या श्रावणात मी एकटाच नळदुर्गला गेलो. लोक धबधबा बघत होते. मीही बघितला, बराच वेळ, साहेबांच्या वाटचाही. मग पाठ फिरवली आणि बुरजापर्यंत पावलं मोजायला लागलो.