शर्टावरची दहावी

दुपारचे बरोब्बर दोन वाजून दहा मिनिटं. घड्याळ मी स्वतः बघितलं. जुईच्या दहावीच्या परीक्षेत मला दोनच कामं होती ना, घड्याळ बघायचं आणि घाबरायचं! त्या मिनिटाला मी जे केलं ते सांगायला अजून जीभ रेटत नाही. पण सांगते. चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

शेवटचा पेपर देऊन जुई घरी आली. कपडे बदलले, म्हणाली, "मम्मी, जग बुडालं तरी मला उठवू नको." आणि झोपली. तीन आठवड्यांची झोप ती!

शर्ट दारामागच्या खिळ्याला. सहज नजर गेली आणि काळजात धस्स झालं. पांढऱ्या शर्टावर जागा म्हणून उरली नव्हती! निळं, लाल, हिरवं. पाठीवर, बाह्यांवर, कॉलरवरसुद्धा पोरींनी पेनं घासलेली. नावं काय, बदाम काय, गुजराती काय, इंग्रजी काय! धुळेटी, म्हणजे आपली धुळवड, होऊन गेली तरी यांचा दंगा संपत नाही? मला वाटलं, माझ्या गरीब पोरीची चेष्टा केली मेल्यांनी. बिचारी मला सांगायलासुद्धा लाजली असेल.

त्यात हा शर्ट मी शेजारच्या हंसाबेनच्या मुलीला द्यायचा कबूल केलेला. आता?

आता काय! मी घरी शिवणकाम करते. पिको-फॉल, कपडे ढिले करणं, घट्ट करणं. डाग काढण्यात आमच्या आख्ख्या वासणा भागात माझा हात कुणी धरणार नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी बादली पुढे ओढली. आधी स्पिरिट, मग लिंबू-मीठ, मग साबण. बादलीतलं पाणी हळूहळू निळं होत गेलं, आणि मी त्याच्याकडे बघत कुठल्या कुठे गेले.

मी सातवीपर्यंत शिकले. आमच्या गावात शाळाच तेवढी होती. शेवटचा दिवस शेवटचा आहे हे मला कुणी सांगितलंच नाही हो. जूनमध्ये दोन वेण्या घालून मी दारात तयार उभी! तर त्या निळ्या पाण्यात मला वाटत होतं, मीच दहावीचा पेपर देऊन बाहेर येतेय. हातात पॅड, डोक्यावर ऊन, झाडाची सावली गेटापर्यंत आलेली, आणि कुणीतरी लांबून माझं नाव घेऊन हाक मारतंय... हात आपले घासतायत, घासतायत.

भानावर आले तेव्हा शर्ट बगळ्यासारखा पांढरा! दोरीवर टाकला आणि लांबून कौतुकाने बघत बसले.

चारला हंसाबेन आल्या. शर्ट बघितला आणि गालावर हात ठेवला. "अरे बेन! आ शुं कर्युं? हे काय केलंत? सगळी नावं काढून टाकली?"

"मग? तुमच्या पोरीला काय घाण शर्ट देऊ?"

"घाण? अहो, छेल्ला दिवस ना! शेवटच्या दिवशी मैत्रिणी शर्टावर लिहितात. माझ्या मोठ्याने तर चार वर्षांपासून तिजोरीत ठेवलाय, मला हातपण लावू देत नाही!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. आणि ध्वनी? जुईची जिवाभावाची ध्वनी तर त्याच संध्याकाळी कायमची राजकोटला चाललेली!

जुई झोपलेली. मी शर्ट छातीशी धरला आणि रिक्षाने सुभानपुऱ्यात. ध्वनीच्या घरी खोक्यांचा डोंगर, आणि नशीब बघा, निरोप द्यायला सगळ्या मैत्रिणी तिथेच!

"पोरींनो, आधी लिहिलं होतं तेच परत लिहा गं!"

"आंटी, ते कसं आठवणार?"

"मग नवीन लिहा! पण जुई उठायच्या आत!"

घरातली पेनं खोक्यांत गेलेली, आणि पोरी आलेल्या रिकाम्या हातांनी. पण मी शिवणारी बाई, माझ्या अंबाड्यात पेन कायम खोचलेलं. दिलं काढून. सगळ्यांनी लिहिलं. ध्वनीने खिशाजवळ बारीक अक्षरांत पाच ओळी लिहिल्या आणि डोळे पुसले. मीपण पुसले. साडेपाचला तिची गाडी निघाली.

घरी आले तर जुई अजून झोपेतच. वाटलं, जिंकलो! फक्त शर्ट रिक्षात चुरगळला होता. असा कसा द्यायचा जुईला? इस्त्री गरम केली. फिरवली.

आणि अक्षरं गेली.

हो, गेली! इस्त्री पुढे पुढे, आणि मागे नुसतं पांढरंशुभ्र. अहो, माझं पेन खुणा करायचं! ब्लाउजवर खूण करायची, शिवून झालं की इस्त्री फिरवायची, खूण गायब. वर्षानुवर्षं मी दुसरं काय करतेय?

"मम्मी," मागून आवाज आला, "माझा शर्ट?"

सगळं सांगितलं. ती शर्टाच्या खिशाजवळ बोट फिरवत राहिली. "ध्वनी गेली ना?" एवढंच म्हणाली. मला तर भुई दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. मग तिचा ओठ थरथरला. म्हटलं, आता रडणार.

"दोनदा, मम्मी? एकदा पुसून पोट नाही भरलं?" आणि जी हसत सुटली!

हसता हसताच तिने दप्तरातून काळं मार्कर काढलं. "घे. पहिली सही तुझी."

"मी कशाला? मी काय दहावीला होते?"

"माझ्यापेक्षा जास्त जागलीस. लिही."

मी मार्करचं टोपण काढलं. शर्ट पुन्हा तसाच पांढरा, पहिल्या दिवसाच्या वहीसारखा. मी आपली तंद्रीत लिहून मोकळी. जुईने वाचलं आणि पोट धरून जमिनीवर बसली.

काय लिहिलं होतं? 'कु. वैशाली पाटील, इयत्ता सातवी, तुकडी अ.'

कुमारी! सोळा वर्षांची लेक समोर! आणि गावात तुकडी एकच होती हो, अ कसला न् ब कसला! स्पिरिट, लिंबू, साबण, सगळं करून झालं. निघत नाही. या वेळचं पेन पक्कं होतं.

तेव्हा राजकोटला तुमचं कुणी असेल तर ध्वनीपर्यंत एवढा निरोप पोहोचवा. दिवाळीत ये म्हणावं. खिशाजवळची जागा तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. आणि पेन तुझं तूच आण.