पिल्लावरून ओवाळलेला तुकडा

सांगली सोडली त्या सकाळी आईने माझ्या हातावर दही घातलं आणि ते चाटायच्या आधीच मी वाकून वडिलांच्या पाया पडलो. त्यांची पावलं दह्याने माखली. "झाशीला यंत्रं सांभाळायला निघालाय," वडील पाय झटकत म्हणाले, "देव त्या यंत्रांना सांभाळो." सगळे हसले, त्यामुळे रडायचं राहून गेलं. फाटकापाशी आईने एवढंच सांगितलं, "नवा जीव दारात आला की आधी तुकडा ओवाळायचा. नावगाव मागाहून."

झाशीच्या क्वार्टरपाशी पोचलो तेव्हा ओवाळायला कोणीच नव्हतं. बायकोने, सुनंदाने, शिदोरीतली भाकरी मोडली, माझ्यावरून आणि कडेवरच्या इरावरून उतरवली आणि तशीच उभी राहिली. तिला कोण ओवाळणार? कुंपणापलीकडून शेजारच्या चौबेभाभी बघत होत्या. "काए बिन्नू, का कर रईं?" काय करतेस, असं त्यांनी बुंदेलीत विचारलं. प्रकार कळल्यावर त्या आत आल्या, तुकडा हातात घेतला आणि सुनंदावरून ओवाळून बाहेर फेकला.

इरा आता शाळेत जाते. मराठी तिला सगळं कळतं, बोलताना हिंदी पुढे धावते. तिच्यासाठी मी जनावरांच्या गोष्टी रचतो. माझ्या जंगलात लांडगा ताक पितो, वाघीण सशाला झोका देते, आणि कोणी नवखा आला की अस्वलीण भाकरतुकडा ओवाळून टाकते. मग सगळे दोस्त. सांगलीत राहिलेल्या तुम्ही मंडळींनी फोनवर या गोष्टींची फार तारीफ केली आहे. आता पुढचं ऐका. माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनीही ऐका.

मध्यंतरी जवळच्या बबीना गावाहून कोणाचं तरी सामान घेऊन ट्रक आला. त्यातून कुत्र्याचं एक तांबूस पिल्लू उतरलं आणि ट्रक त्याच्याशिवाय निघून गेला. इराने त्याला फाटकाबाहेर बसवलं. "बाबा, ये नया आया है. ओवाळायचं ना?" मी मोठ्या कौतुकाने भाकरी आणून दिली. तिने तुकडा ओवाळला आणि फेकला, तो नेमका गल्लीतल्या कुत्र्यांच्या पुढ्यात.

आधी ते तुकड्यासाठी एकमेकांना फाडायला उठले. मग त्यांना पिल्लू दिसलं. दरोगा नावाच्या काळ्या कुत्र्याने त्याची मान धरली आणि ओलं फडकं झटकावं तसं झटकलं. दुसऱ्याने मागचा पाय ओढला. तिसऱ्याच्या दातांत कान आला. तो कान घेऊनच बाजूला झाला. पिल्लू माणसाच्या लेकरासारखं रडत होतं. इरा मध्ये घुसायला निघाली. मी तिला मागे ढकललं, चप्पल उगारली, ती हातातून सुटून नालीत गेली आणि दरोगाने माझ्या पोटरीत दात रोवले. "आई गं!" मी ओरडलो आणि पिल्लावर आडवा पडलो. शौर्य वगैरे काही नाही, रक्तावरून पाय घसरला.

"हटो, नासपीटो!" चौबेभाभी बादली आणि काठी घेऊन धावत आल्या. दरोगाच्या कमरेत बसली तेव्हा काठी मोडली. उरलेली त्यांनी दुसऱ्याच्या नाकाडावर हाणली. मग इराकडे बोट दाखवून माझ्यावर कडाडल्या, "काए भैया, मोड़ी खों मरवाओगे का?"

पिल्लाला टाके पडले, मला इंजेक्शनं. ते जगेल याची खात्री कोणीच देईना. "आपकी कहानी झूठी है," म्हणून इराने पाठ फिरवली. पोटरीपेक्षा ते जास्त दुखलं.

अखेर एका संध्याकाळी पिल्लू आपणहून उठलं आणि लंगडत येऊन दूध प्यालं. इरा माझ्याजवळ सरकली. "अब सुनाओ. दरोगावाली." मी रक्तासकट सांगितली, नालीतल्या चपलेसकट. अस्वलिणीच्या हातात या वेळी बादली होती.

गोष्ट संपेपर्यंत सुनंदा भाकरी घेऊन आली. तिने इरा, पिल्लू आणि मी, आम्हा तिघांवरून तुकडा ओवाळला आणि बाहेर न फेकता सरळ पिल्लाच्या तोंडात घातला.

"अगं, ओवाळलेलं खायला देत नाहीत," मी म्हणालो. "सांगलीत..."

"फेकून काय झालं ते पाहिलंत ना? ज्याला ओवाळलं त्यालाच खाऊ दे," ती म्हणाली. "आणि उठा, लंगडत का होईना, कुंपणापाशी जाऊन भाभींना बोलवा. इतकी वर्षं झाली, त्यांना अजून कोणी ओवाळलंच नाहीये."