चुलीआधी विस्तव

जालन्यात गोवऱ्यासुद्धा विकत घ्याव्या लागतात असं कुणीतरी सांगितलं आणि माझ्या सासूबाईंनी धावड्याहून निघताना बैलगाडीत पोतंभर गोवऱ्या भरल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचा शहरावर पहिला राग बसला तो असा, शेणावरून. जिथं शेणाला मोल पडतं तिथं माणसाला कुणी फुकट हाक तरी मारील का, हा त्यांचा सवाल होता. जालना येईपर्यंत त्यांनी तो मला विचारला, गाडीवानाला विचारला, आणि आम्ही दोघं गप्प बसलो तेव्हा बैलांनाही विचारला असावा.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. तोफा कुठे दूर उडत होत्या, पण घासलेट आणि काडेपेटी आमच्याकडे महागली होती, आणि जालन्यात तर सगळंच. माझ्या नवऱ्याला तिथल्या एका जिनिंग-प्रेसमध्ये कापसाच्या काट्यावर काम लागलं होतं. हंगामभर हे प्रेसच्या आवारातच चार माणसांत पथारी टाकून झोपत. बिऱ्हाड करायचं ठरलं ते माझ्यामुळे. मला दिवस गेले होते.

ही माझी दुसरी खेप होती. पहिल्या वेळी मी मळ्यातल्या घरात एकटी होते. आत्याबाई भोकरदनच्या बाजाराला गेल्या होत्या, पुरुषमाणसं नदीकडच्या शेतात. अवेळी कळा आल्या. मी हाका मारल्या, पण ऐकायला कुणी नव्हतं. मूल गेलं. आत्याबाईंनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही आणि स्वतःला कधी माफ केलं नाही. माझं माहेर मंठ्याचं, पण आई मी लहान असतानाच वारलेली, तेव्हा तिकडे जाण्यात अर्थ नव्हता. जालन्यात दवाखाना होता, सुईणी होत्या. म्हणून जालना. फक्त आत्याबाईंना तिथं राहता येणार नव्हतं. सासऱ्यांना दम्याचा त्रास होता आणि शेत वाट बघत होतं. बिऱ्हाड थाटून देऊन त्यांना परतायचं होतं. हे पहाटे प्रेसला जाणार ते दिवेलागणीला येणार. मधल्या दिवसात मी हाक मारली तर कोण येईल, एवढं एकच त्यांना बघायचं होतं. घर हवेशीर आहे का, भाडं किती, हे त्यांनी कुणाला विचारलंच नाही.

आम्ही उतरलो होतो यांच्या एका भाऊबंदाकडे. त्यांची सगळी आळी आमच्याच लोकांची, दारापुढे सडे, तुळशी, सगळं बयाजवार. त्यांच्या मागची खोली रिकामी होती आणि ते ती स्वस्तात द्यायला तयार होते. आपल्या माणसांत राहावं, दिवस बरे नाहीत, असं ते म्हणाले. यांनी तर मनातून होकार देऊनही टाकला होता. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा असं उगीच म्हणत नाहीत, हेही भाऊबंदांनी ऐकवलं. आत्याबाई म्हणाल्या, “पाळना सोन्याचा आसला तरी हालवायला मानूस लागतंय न्हवं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोत्यातली एक गोवरी काढली, पदराखाली धरली आणि मला म्हणाल्या, चल.

आता हे समजायला आमच्या गावची रीत सांगायला हवी. चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायचा आणि सकाळी उकरून फुंकायचा. कधी तो विझला तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायचं आणि विस्तव मागून आणायचा. काडी ओढणं म्हणजे उधळेपणा. विस्तव मागायला जात आड येत नाही. ज्या घरचं पाणी चालत नाही त्या घरचा विस्तव चालतो. पण एक अट कडक. मागून आणलेला विस्तव वाटेत विझू द्यायचा नाही आणि टाकायचा तर मुळीच नाही. टाकला की देणाऱ्याच्या घरची बरकत जाते. शेजार कसा आहे हे बघायची आत्याबाईंची परीक्षा हीच होती. ज्या दारात विस्तव मागता येतो ते दार आपलं.

पहिली परीक्षा भाऊबंदांच्याच आळीत झाली. समोरच्या बाईंनी कोण, कुठल्या, कुणाच्या, माहेर कुठलं, मुलगी कुठं दिली, सगळं विचारलं. आत्याबाईंनी तीन पिढ्या उलगडल्या. मग त्या बाई म्हणाल्या, आज मंगळवार, मंगळवारी आम्ही घरातला विस्तव बाहेर देत नाही. पुढच्या आळीत वकील, पेशकार असे शिकलेले लोक राहायचे. तिथल्या एका गड्याने आत्याबाईंच्या हातातली गोवरी बघितली आणि हात जोडून सांगितलं, पुढं व्हा माय. त्याला वाटलं भिकारीण आली. मला हसू आवरेना. आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की ते आवरलं.

मग नदीच्या बाजूला उतरत एक गल्ली होती. तिला आळी म्हणावं की मोहल्ला, ते तिथल्या लोकांनीही कधी ठरवलं नव्हतं. एका मारवाडी बाईच्या मालकीच्या माळवदाच्या खोल्या ओळीनं. एकीत टांगेवाल्याचं घर, एकीत रेल्वेच्या सांधेवाल्याचं तेलुगू बिऱ्हाड, पुढे एक शिंपी, एक आमच्यासारखंच कुणब्याचं घर. मधली एक खोली बंद. पहिल्याच दाराशी टांगेवाल्याची बायको भाकऱ्या थापत होती. सगळी गल्ली तिला खाला म्हणायची. आत्याबाईंनी गोवरी पुढे केली. खालाने काही विचारलं नाही. चुलीतून चांगला रसरशीत निखारा काढून गोवरीवर ठेवला, वर राख भुरभुरली आणि पुन्हा भाकरीला लागली.

आत्याबाईंचा चेहरा खुलला. माझ्या मनातही आलं, घ्या, सापडलं एकदाचं. आम्ही वळलो, दोन घरं पुढे गेलो, आणि तिथं आत्याबाई थबकल्या. निखारा गोवरीला धरत होता. धूर निघत होता. आणि आम्हाला चूल नव्हती. घरच नव्हतं, तर चूल कुठली? इतक्या शहाण्या बाईच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. गावात कुणी विस्तव मागितला तर त्याच्या घरी चूल असतेच की. टाकावा तर पाप, आणि भाऊबंदांच्या घरी न्यावा तर अर्धं जालना ओलांडायचं, तोवर गोवरी हातात पेटली असती. आत्याबाई पदर सावरत भर गल्लीत उभ्या, हातात आग.

खाला दारात आली. तिला वाटलं म्हातारी वाट चुकली.

“अम्मा, अंगार लेको किधर जारे? चूल्हा किधर है तुमारा?”

आत्याबाई खोटं बोलू शकत नसत. म्हणाल्या, “चूल न्हाई, माय. घर बघून राह्यलोय.”

खाला आधी नुसती बघत राहिली. मग इतकी हसली की भाकरीचं पीठ लागलेला हात कपाळाला लागला. आतून तिचा नवरा काय झालं म्हणून विचारू लागला. हसून झाल्यावर तिने मालकीणबाईंना हाक मारली, बंद खोली उघडून घेतली, आपल्या दाराशी पडलेल्या तीन विटा आणून कोपऱ्यात मांडल्या आणि म्हणाली, रख दो. आत्याबाईंनी विस्तव ठेवला. सांधेवाल्याच्या बायकोने न सांगता चार काटक्या आणून दिल्या. तिची मराठी आम्हाला कळेना आणि आमची तिला, पण काटक्यांना कुठं भाषा लागते? भाडं ठरायच्या आधी, यांना विचारायच्या आधी आमची चूल पेटली.

संध्याकाळी यांनी डोकं धरलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच, असं म्हणाले. भाऊबंदांना दिलेला शब्द, महाग भाडं, नाना जातीची वस्ती, सगळं बोलून दाखवलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, उसना विस्तव ठिवलाय, आता उचलता येत न्हाई. भाऊबंद पुढची दोन वर्षं आमच्याशी तुटक वागले. मला मात्र त्या खोलीत पहिल्या दिवसापासून बरं वाटलं. शेजारच्या भांड्यांचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा आणि त्या आवाजात मला झोप लागायची.

जाताना आत्याबाईंनी खालाला एकच गोष्ट सांगितली. आमच्या माळवदाला धूर जायला भोक होतं, ते तिच्या अंगणातून दिसे. सकाळी तिथून धूर दिसला नाही तर पोरीला येऊन बघायचं. खाला हौ म्हणाली. मला हे सगळं पोरकट वाटलं होतं. मी काय दूधपितं पोर होते?

कपाशी भरात होती, यांचं काम पहाटेपासून चाले. दिवस भरायला अजून अवकाश होता. एका सकाळी हे गेल्यावर मी चुलीपुढे बसले, राख उकरली, आणि फुंकायला वाकले ती तशीच राहिले. कळ अशी आली की तोंडातून आवाज फुटेना. मला मळ्यातलं घर आठवलं. तीच उन्हाची तिरीप, तेच आपलं एकटं असणं. त्या वेळी मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

आणि दार ढकलून खाला आत आली. “धुआं नै दिख्या,” एवढंच म्हणाली आणि माझ्या मागे बसून तिने मला धरलं. सांधेवाल्याची बायको सुईणीला आणायला धावली, पाणी खालाच्या चुलीवर तापलं, आणि मालकीणबाई, ज्या एरवी चिमूटभर हळद द्यायला का कू करायच्या, त्यांनी जुन्या मऊ लुगड्याचे तुकडे आणून दिले. मुलगी झाली. लहानशी, पण ओरडण्यात कुणाला हार जाणारी नव्हती.

निरोप मिळताच आत्याबाई आल्या. नातीला मांडीवर घेतलं. मग खालाने बाळाला दिलेली धुरी जास्त झाली, यावरून दोघींचं वाजलं. पुढं त्या जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा तेव्हा वाजलं. कोथिंबिरीवरून, माझ्या खाण्यापिण्यावरून, पोरीच्या डोळ्यांतल्या काजळावरून. दोघींना एकमेकींवाचून करमतही नसे. आत्याबाईंनी तिच्या घरचं पाणी मात्र कधी घेतलं नाही. सुटणार नाही इतकी ती सवय जुनी होती, आणि खालानेही कधी आग्रह केला नाही. मला ते डाचायचं, मी बोलायचे, आणि दोघी मिळून मलाच गप्प करायच्या.

मग ते वाईट वर्ष आलं, पोलीस अ‍ॅक्शनचं. पावसाळा लागायच्या आधीच रझाकारांमुळे खेड्यात राहणं कठीण झालं म्हणून आत्याबाई आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. तोवर सासरे गेले होते. आधी आम्ही दारं लावून बसलो. तेव्हा खालाचा नवरा आपला टांगा आमच्या दारापुढे आडवा सोडून ओट्यावर विडी ओढत बसायचा. कुणी काही विचारलं तर म्हणायचा, घोडं बसलंय. मग भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, वारं फिरलं, आणि आता खालाच्या घरानं दार लावलं. गावागावांतून सूड उगवल्याचं काहीबाही कानावर येत होतं. भाऊबंद पुन्हा आले, आपल्या आळीत चला म्हणाले. यावेळी यांनी आईकडे बघितलंही नाही. न्हाई म्हणाले आणि विषय संपवला. त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटला.

एका सकाळी आत्याबाई अंगणात तोंड धूत होत्या. धुता धुता थांबल्या.

“तिचा धूर दिसंना,” म्हणाल्या.

मी सांगितलं, मुद्दामच पेटवली नसेल, घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. चुलीतून निखारा काढला, गोवरीवर ठेवला, वर राख भुरभुरली. गुडघे धरलेले, पाठ वाकलेली, तशा त्या भर सकाळी, सगळी गल्ली फटीतून बघत असताना, हातात आग धरून खालाच्या दाराशी गेल्या. दार वाजवलं. आतून कुणी ओ देईना. पुन्हा वाजवलं. बऱ्याच वेळाने खालाचा आवाज आला, अगदी बारीक, कोण म्हणून.

“विस्तव आन्लाय. चूल हाय न्हवं तुझ्या घरात?”

कडी निघाली. खाला रडत होती की हसत होती ते मला लांबून दिसलं नाही. तिने विस्तव आत नेला. आत्याबाई परत येतील असं मला वाटलं, पण त्या आल्या नाहीत. खालाच्याच उंबऱ्यावर, दार उघडं ठेवून, रस्त्याकडे तोंड करून बसल्या. मी जाऊन मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. आतून खालाने विचारलं, अम्मा, पानी पिते? आत्याबाईंनी मान न वळवता हात मागे केला आणि पेला घेतला.

जेवणवेळ टळून गेली तरी त्या तिथून उठल्या नाहीत.