जहाजावर आधी चढण्याचे कार्ड

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला पंचनामा कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. एक प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते. त्यात ना खून होता, ना दरोडा. जुगाराची एक साधी केस होती, आणि तिच्यात सापडलेला पुरावा म्हणजे हाताच्या पंजाएवढे एक कार्ड.

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. ठाण्याच्या चारी बाजूंना घरोघरी माग होते. सगळे माग एकदम थांबले तर वीज गेली, आणि एकाच घरातला थांबला तर त्या घरात काहीतरी घडले, असे आम्ही खुर्चीत बसून ओळखत असू.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपत असताना एक बाई आत आल्या. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या, वय पंचेचाळीसच्या आसपास. लहानपणच्या आजाराने उजवा पाय बारीक राहिलेला. माझे हवालदार करकंबचे, माणूस मायाळू. त्यांनी बाक पुढे केला.

"बसा की अक्का."

"बसले तर उटवायला दोघं लागत्यात. हुबीच बरी हाय."

"बरं. फिर्याद कुणाविरुद्ध?"

"फिर्याद न्हाय. खबर हाय. माझं नाव कागदावर नगं. आमच्या मालकांचं बी नगं."

"मग काय माझं घालू?" हवालदार म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी सांगितले ते असे. अक्कलकोट रस्त्याला एका बंगल्यावर 'करमणूक मंडळ' अशी पाटी होती. त्यांचे यजमान गेले दोन महिने आठवड्याच्या सुटीच्या दुपारी तिथे पत्ते खेळायला जात होते.

"पंचवीस वर्सांत ह्या माणसानं पान-तंबाकू सोडून कशाला हात लावला न्हाय, सायेब. आता टांग्यातनं घरी येत्यात. टांगेवाला खाली उतरून 'शेठ, सावकाश' म्हनतो. आमच्या घरात शेठ कोन हाय? एक माग, आमी दोघं. आज ना उद्या तो माग बी त्या पत्त्यात जानार. त्येच्या आदी ते बंद करा. पर मी सांगितलं हे त्यांना कळलं, तर पुन्हा माझ्या हातचं पानी पिनार न्हाईत."

मी त्यांना सांगितले की खबर कोणी दिली हे सांगण्याची सक्ती कोर्टसुद्धा पोलिसावर करू शकत नाही. कायदा तसा आहे. त्यांनी कायद्यावर विश्वास ठेवला की माझ्या आवाजावर, हे मला माहीत नाही. भिंतीचा आधार घेत त्या निघून गेल्या.

खबर पडताळल्याशिवाय वॉरंट मागायचे नाही, हा माझा नियम. हवालदार गुळाचे व्यापारी बनून दोन वेळा त्या बंगल्यात जाऊन आले. त्यांच्या अहवालात कौतुक जरा जास्तच होते.

"चहा फुकट, भजी फुकट, पान फुकट. दुसऱ्या खेपेला माझ्या खुर्चीला पांढरी खोळ घातलेली. दारातला माणूस नावानं हाळी देतो, 'या शेठ!' सायेब, पोलिसात अठरा वर्सं झाली, कुनी मला खुर्ची पुसून दिली न्हाय."

"तिकडे बदली मागता का?"

"न्हाय सायेब. डाव हरल्यावर भजी कडू लागत्यात."

या पाहुणचाराला पायऱ्या होत्या. आधी फराळ, मग टांगा, मग नावाची खुर्ची. ठरावीक बैठका पूर्ण करणाऱ्यासाठी शेवटची पायरी म्हणजे जहाज. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या आगबोटीत केबिन, जेवणखाण मंडळाचे, सामान उचलायला धक्क्यावर मंडळाचा माणूस, आणि गर्दीच्या आधी वेगळ्या फळीवरून चढायची सोय. किनारा सुटला की केबिनची दारे लावून मोठे डाव सुरू होत.

अलीकडे जुगाराच्या आलिशान जहाजांच्या जाहिराती मी वाचतो. नेमाने खेळणाऱ्याला खोली मोफत, रांग नाही, स्वागताला माणूस. त्यावर मी संपादकांना तीन पत्रे लिहिली; एक छापले, तेही कापून. लोकांना हे काहीतरी नवे आले आहे असे वाटते. यातले सर्व काही मी अक्कलकोट रस्त्यावर पाहिले होते, फक्त त्याला तिथे भज्यांचा वास होता.

पोलीस अधीक्षकांचे विशेष वॉरंट घेऊन, दोन पंचांसह, आम्ही सुटीच्या भर दुपारी छापा घातला. पंधरा माणसे मिळाली. त्यांत बाईंचे यजमानही होते. व्यवस्थापक पांढऱ्या शर्टातला, गोड बोलणारा गृहस्थ. त्याने सभासदांची नोंदवही पुढे ठेवली, भिंतीवरची नियमावली दाखवली. "रमी हा बुद्धीचा खेळ आहे, साहेब. हे खासगी मंडळ आहे. मालकाला यातून काहीही मिळत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ज्यांना जगात कुणी बसा म्हणत नाही, त्यांना आम्ही बसा म्हणतो. हा गुन्हा झाला का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्यातले 'कुणी बसा म्हणत नाही' हे खरे होते.

पण रागाने केस उभी राहत नाही. मालक खेळातून स्वतःचा फायदा करून घेतो, हे सिद्ध करणे आवश्यक होते, आणि तसा एकही कागद बंगल्यात मिळाला नाही. खेळणाऱ्यांपैकी जे व्यापारी होते ते वकिलाशिवाय तोंड उघडेनात. राहिले बाईंचे यजमान, ते विणकर. त्यांना मी समोर बसवले. दोन तास प्रश्न विचारले. मी पाणी पुढे केले, त्यांनी घेतले नाही. माझा अनुभव असा की खोटे बोलणारा माणूस वारंवार पाणी मागतो. काहीतरी जपून ठेवणारा मागत नाही.

"कशासाठी जात होता?"

"असंच, सायेब."

"असंच कुणी प्रत्येक सुटीला जात नाही."

"मी जातो."

जामिनावर ते घरी गेले. दोन दिवसांनी बाई पुन्हा ठाण्यात आल्या, काखेत चादर होती. तिची घडी टेबलावर उलगडून त्यांनी एका फुलावर बोट ठेवले.

"हे बघा. पाकळ्या मोजा."

मी मोजल्या. बाजूच्या फुलाला आठ होत्या, याला सात.

"असं एक फूल दर चादरीत. व्यापाऱ्यानं अख्खा गठ्ठा परत पाटवला. पंचवीस वर्सांत ह्यांच्या हातनं एक धागा चुकला न्हाय. मी म्हनले, वरची पुट्ट्यांची माळ बघा, एखादं भोक बुजलं आसंल. तर माझ्यावर वरडले, 'वर हात लावायचा न्हाय!' जन्मात पैल्यांदा वरडले, सायेब. आन मी कशी हात लावनार? मला शिडी चढता येत न्हाय, हे त्यांना ठावं हाय की."

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चादरीवरचे नक्षीकाम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरते. असे शेकडो पुठ्ठे दोऱ्याने ओवून त्यांची माळ मागाच्या वर, छताजवळ फिरत असते. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. एक भोक बुजले की एक पाकळी गेली.

पंच बरोबर घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. बाई दारातच होत्या. मी शिडीला हात लावताच विणकर पांढरे पडले.

"सायेब, तिला चहा ठेवायला सांगा," ते हळूच म्हणाले. बाई आत गेल्या.

माळेतल्या एका पुठ्ठ्यामागे, अगदी बारीक टाक्यांनी, एक कार्ड शिवलेले होते. जागा त्यांनी कोरी पाहून निवडली होती, पण कार्डाचा कोपरा एका भोकावर आला होता. कार्डावर छापले होते: 'मानाचे पाहुणे, जोडपे'. खाली बारा चौकोन. कंडक्टरच्या चिमट्याने पाडावीत तशी अकरा चौकोनांना भोके. पाठीमागे जहाजावरच्या सगळ्या सवलती, ओळीने.

केसच्या दृष्टीने ते कार्ड म्हणजे सोने होते. बारा वेळा खेळायला बसवण्यासाठी जो माणूस आगबोटीची केबिन द्यायला तयार होतो, त्याला त्या बसण्यातून काहीच मिळत नाही, असे कोणतेही न्यायालय मानणार नव्हते. कार्डे छापणाऱ्याने पुढे मालकाच्या सहीची ऑर्डरही काढून दिली. पण त्या क्षणी माझे लक्ष 'जोडपे' या शब्दावर होते.

"सांगा आता," मी म्हणालो.

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. त्या आवाजाच्या आडोशाने ते बोलले.

"सहा वर्सामागं भाचीच्या लग्नाला मुंबईला गेलतो. हिला समुद्रावरनं जायची लई हौस. म्हनलं, बोटीनं गोव्याला जाऊन येऊ. डेकचं, स्वस्तातलं तिकीट काडलं. धक्क्यावर गर्दी अडवलेला दोर सोडला आन माणसं पळाली, सायेब. ही पडली. माझा हात सुटला. लोक हिच्यावरनं उड्या मारून गेले. बोट गेली. दुसऱ्या दिवशी रेल्वेनं परत येताना ही एवडंच म्हनली, 'आपल्यासारक्यानं समुद्र लांबनंच बघावा.' नंतर एकानं त्या बंगल्याचं सांगितलं, बारा बैठका झाल्या की वेगळी फळी. आदी चढायचं. धक्का लागत न्हाय." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिले. "एकच चौकोन राह्यलाता. तिला सांगू नका. 'माज्यासाठी जुगार खेळला' म्हनून ती जीव खाईल सोताचा."

कप घेऊन बाई बाहेर आल्या. एका हाताने भिंत धरलेली, दुसऱ्या हातातल्या कपातून थेंब सांडला नव्हता.

आता माझ्याजवळ दोन गुपिते होती. बाईंचे गुपित कायद्याने सुरक्षित होते. त्यांच्या यजमानांचे नव्हते. जुगारात सापडलेल्या माणसाने कोर्टात सर्व हकीकत खरी सांगितली तर त्याच्यावरचा खटला सुटतो, अशी तरतूद त्याच कायद्यात होती. मात्र सर्व म्हणजे सर्व. मी ते त्यांना दोनदा समजावले. त्यांनी मान हलवली. "विचारलं तर सांगीन. विचारू नये एवडं बघा." तेवढे बघणे माझ्या हातात नव्हते.

सुनावणीच्या दिवशी बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. विणकरांनी साक्ष नीट दिली. मग बचावाचे वकील उठले.

"चहा घेत होता? टांग्यात बसत होता? शेठ म्हटलेले आवडत होते?"

"व्हय."

"म्हणजे स्वतःच्या चैनीसाठी जात होता. आता अंगाशी आले म्हणून आमच्या अशिलावर ढकलता. खरे ना?"

मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले, "उत्तर द्या."

त्यांनी एकदा मागे पाहिले. "माज्या बायकोला गर्दीत चढता येत न्हाय, सायेब. तिला एकदा, कुनी ढकलल्याबिगर, बोटीवर न्यायचं होतं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मी कवा मागितलं हुतं?"

पट्टेवाला ओरडणार, तोच मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याला हाताने थांबवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसून झाल्यावरही काही वेळ डोळ्यांवर चढवला नाही. वकील खाली बसले.

मालक आणि व्यवस्थापक दोघांना शिक्षा झाली. विणकर सुटले. कोर्टाच्या पायऱ्यांवर ते मला म्हणाले, "खबर कुनी दिली ते मी विचारनार न्हाय, सायेब. पर ज्यानं दिली, त्यानं मला घरी आनलं." आणि बाईंना उतरता यावे म्हणून ते एकेका पायरीवर थांबत गेले. बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या डायरीकडे पाहिले.

माझे समाधान मात्र झाले नव्हते. मी आगबोटीच्या कचेरीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले, तिसरे रजिस्टर केले. तेव्हा चार ओळींचे उत्तर आले: अपंग व आजारी उतारूंना सर्वांच्या आधी, मदतनीसासह चढविण्यात येते, तासभर अगोदर फळीवरील अधिकाऱ्यास कळवावे, यासाठी आकार नाही. तो नियम जुनाच होता.

ते पत्र मी त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवले. विणकरांनी कागद हातात घेऊन उलटून पाहिला.

"म्हंजे डेकच्या तिकिटावर बी?"

"डेकच्या तिकिटावरही."

"आन तुमी त्यासाठी अकरा येळा जाऊन बसलात व्हय!" बाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की शेवटी विणकरांनाही हसू आले.

मला मात्र हसू आले नाही. माणसाला त्याचा हक्क कुणी सांगितलेला नसला, तर तोच हक्क मेहेरबानीच्या वेष्टनात बांधून त्याला विकता येतो, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून माझ्या ठाण्यात येणाऱ्या माणसाला, त्याने विचारले नाही तरी, त्याला काय काय मागता येते ते आधी सांगायचे, असा दंडक मी घातला. हवालदार कुरकुरले, पण पाळू लागले.

दिवाळीनंतर बाई ठाण्यात आल्या. दोघे गोव्याला जाऊन आले होते. मी विचारले, चढताना त्रास झाला का?

"न्हाय. खुर्ची आनली की त्यांनी. दोन खलाशांनी मला खुर्चीसकट उचललं. सगळी माणसं दोराच्या मागं हुबी, माज्याकडं बघत. लई लाज वाटली सायेब," त्या म्हणाल्या. "पर मी खाली उतरवा म्हनले न्हाय."