अमावस्या टाळली, समुद्र हुकला

आधीच सांगते, या बेटाचं नाव मी लिहिणार नाही. मालवणच्या किनाऱ्यावरचा एक छोटा जलदुर्ग, एवढं पुरे. नाव कळलं की तुम्ही वेफर्सची पाकिटं घेऊन तिथं हजर, आणि माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

मी कोल्हापुरात नववीला विज्ञान शिकवते. अकरा वर्षं फळ्यावर तारामासा काढतेय. यंदा ठरवलं, पोरांना खराच दाखवायचा. त्या किल्ल्याच्या पायथ्याशी सपाट कातळ आहे. जुन्या लोकांनी होड्या बांधायला त्यात भोकं कोरली, उतरायला पायऱ्या खोदल्या. पाणी मागे गेलं की त्याच भोकांत खेकडे, समुद्रफुलं, तारामासे दिसतात. इतिहास आणि जीवशास्त्र एकाच दगडात! घाईही होती, कारण त्या कातळावर पर्यटकांसाठी काँक्रीटचा धक्का होणार होता.

होडीवाले बाबलमामा फोनवर म्हणाले, "अमावस्येक येवा. सांजेक पाणी लांब जाता."

पालकसभेत मी तारीख सांगितली आणि भडका उडाला. "अमावस्येला पोरं पाण्यावर न्हेताय? डोकं ठिकाणावर हाय का, बाई?" पाटीलसाहेब उभे राहूनच ओरडले. चार-पाच जणांनी त्यांची री ओढली. पौर्णिमेला चाचणी परीक्षा होती, म्हणून मुख्याध्यापकांनी कॅलेंडर काढून अष्टमी सुचवली. भरती-ओहोटी तिथीवर चालते आणि अष्टमीला पाणी जेमतेम हलतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी मान डोलावली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पहाटे पाचला निघालो. राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, मालवण. चहाचे थांबे धरून पाच तास. घाटाच्या आधी मिसळ खाऊ नका. आमच्या तिघांनी खाल्ली आणि वळणावळणावर गाडी थांबवली. होडी आदल्या दिवशी फोनवर ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, पाणी घरून न्या. बेटावर टपरी नाही आणि देव करो, कधी न होवो.

"बाई, भोकं कुठं हायत?" उतरल्या उतरल्या तसनीमनं विचारलं. या पोरीनं जुन्या फोटोवरून एकेक भोक वहीत काढून आणलं होतं. कुठल्या भोकात कोण राहतं, ते शेजारी लिहायला जागा सोडली होती.

"पाण्याखाली," बाबलमामा म्हणाले. "मी सांगललंय तुमका. आज अष्टमी, भांगाचा पाणी. हेच्यापेक्षा खाली जावचा नाय."

दीड तास आम्ही ताटकळलो. वरच्या तीन पायऱ्या दिसल्या, बस. एका पोराला शंखातला खेकडा सापडला, तो बत्तीस जणांनी रांग लावून पाहिला. तटावर कुणाकुणाची नावं रंगवलेली, खाली थर्माकोलच्या ताटल्या आणि कातळावर कंत्राटदाराच्या लाल खुणा. किल्ला बघायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी किल्ल्याचाच पाय गाडायचा! असली अक्कल कुठं मिळते?

"फुडच्या अमावस्येआधी काँक्रीट पडतला," मामा म्हणाले.

तसनीमनं वही दप्तरात टाकली आणि होडीत जाऊन बसली. बंदराजवळच्या खानावळीत सुरमईची थाळी उत्तम होती म्हणे, सोलकढी पुन्हा मागा असं सगळे सांगत होते. मी ताटच घेतलं नाही.

घरी येऊन दोन आठवडे झाले. तुम्ही पोरांची सहल काढणार असाल तर तारीख होडीवाल्याला ठरवू द्या. कॅलेंडरवाल्यांना, पाटीलसाहेबांना आणि माझ्यासारख्या मान डोलावणाऱ्या बाईंना नको.

परवा बाबलमामांनी फोटो पाठवला. करड्या काँक्रीटचा गुळगुळीत धक्का. वर्गात दाखवला आणि उगाच विचारलं, "अमावस्येला न्यायचं ठरलं असतं तर कोण कोण आलं असतं?"

बत्तीसपैकी सव्वीस हात वर. पाटीलसाहेबांच्या मुलीचाही.

तसनीम उभी राहिली. "बाई, आमच्यात अमावस्या पाळतच न्हाईत. अब्बा सभंत मागंच बसलते की. त्यास्नी कुणी इचारलंच न्हाई."

मीही विचारलं नव्हतं.