डाव्या खांद्यावरचा हात

केशवराव स्कूटर चालवायचे आणि मनकर्णा मागे बसायची, तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, या वयातही हिचा हात नवऱ्याच्या खांद्यावरून सुटत नाही. मनकर्णा हसून वेळ मारून न्यायची. हात सुटत नव्हता, हे खरंच होतं. का सुटत नव्हता, ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं.

केशवरावांच्या डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली होती.

सारी नोकरी त्यांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढली. सेमाडोहच्या घाटात वळणावर अचानक रानगवा आडवा आला तरी झोपलेल्या प्रवाशाची मान हलू न देता गाडी थांबवणारा माणूस, अशी त्यांची डेपोत ख्याती होती. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी जेवताना डावीकडचा पाण्याचा पेला त्यांच्या हाताने सारखा सांडायला लागला. मग भाचीच्या लग्नाला म्हणून दोघं अमरावतीला गेले आणि मधल्या वेळात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून आले. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले असताना केशवरावांनी डॉक्टरांचा कागद चार घड्या करून खिशात घातला. मग हळूच म्हणाले, "तुले आचलची शपथ आहे. हे कोनाजवळच बोलायचं नाही."

मनकर्णा बी.ए. झालेली बाई. शपथेने कुणाचं काही होत नाही, हे ती दुसऱ्या कुणालाही समजावून सांगू शकली असती. पण आचल तिची एकुलती एक लेक, नवसासायासाने झालेली, लहानपणी दम्याने जीव घाबरा करणारी. तिच्या नावाची शपथ घातली की मनकर्णाचं शिक्षण मागे पडायचं. ती शपथ तिच्या तोंडावर कुलुपासारखी बसली.

त्यानंतर त्यांची एक पद्धत पडली. स्कूटर डावीकडे वळवायची असली की केशवराव वेग कमी करून थांबायचे. मनकर्णा डावीकडे पाहायची. रस्ता मोकळा असला तर खांद्यावर एक थाप द्यायची. डावीकडून कुणी घुसत असलं तर खांदा दाबून धरायची. थाप मिळाल्याशिवाय केशवराव डावीकडे वळत नसत. दगडी पुलावरची गर्दी असो की बाजारातली गल्ली, त्यांचं अडत नव्हतं. तिला मात्र क्षणाचीही मोकळीक नव्हती. मागे बसून तिने कधी दुकानाची पाटी वाचली नाही की ओळखीच्या बाईकडे पाहून हात हलवला नाही.

अशात आचलने कार घ्यायचं ठरवलं. ती बँकेत नोकरीला. तिच्या नवऱ्याची बदली तेल्हाऱ्याला झालेली, तो रोज जाऊन-येऊन करायचा. चार वर्षांच्या जाईला शाळेत सोडायचा, आणायचा प्रश्न होता. आचल म्हणाली, बाबांसारखा ड्रायव्हर घरात असताना मी परक्या माणसाच्या व्हॅनमध्ये पोरीला कशाला कोंबू?

हे ऐकून केशवराव जे खुलले, ते मनकर्णाला पाहवेना. तिने त्यांना एकटं गाठून विनवलं, काहीतरी निमित्त काढून नाही म्हणा. त्यांनी ऐकून घेतलं नाही. शाळा अशी किती लांब आहे, गाडीला आरसे असतात, मी काय नवशिका आहे, असं म्हणून त्यांनी पेपर उघडला. मग तिने आचललाच आडून सांगून पाहिलं, की बाबांचं आता वय झालं. आचल हसली. "आई, तुले तर मी सायकल घेतली तेव्हाही झोप लागे ना."

एका रविवारी सगळे शोरूमला गेले. गाडी दाखवणारा ललित नावाचा हसरा तरुण होता. केशवराव एसटीत होते म्हटल्यावर तो म्हणाला, काका, मग तुमीच मले शिकवा. तो त्यांच्या शेजारी पुढे बसला. जाईला खिडकी हवी होती, म्हणून आचल तिला घेऊन मागे डावीकडे बसली. मनकर्णा केशवरावांच्या मागे होती. तिने काकुळतीने विचारलं, मी पुढे बसू का? ललित अदबीने म्हणाला, "काकू, पहिल्या चकरीत मले पुढंच बसा लागते. तुमी आरामात बसा मागं."

गाडी निघाली. केशवरावांचा हात अजून तसाच होता. गिअर कधी पडला ते कळलंही नाही. ललितने मनापासून वाहवा केली. पहिलं डावं वळण आलं तशी गाडी मंदावली. मनकर्णा पुढे सरकली, तिने आचलच्या पलीकडच्या काचेतून पाहिलं, आणि दोन सीटांच्या मधून हात घालून खांद्यावर थाप दिली. गाडी सफाईने वळली.

"आई, काय करून राहिली तू?" आचल म्हणाली.

"सवय आहे तिची," केशवराव आरशातून पाहत हसले. "स्कूटरवर बी असंच. तिच्या बाजूनं बैलगाडी गेली तरी तिले धडकी भरते."

ललितही हसला. मनकर्णाही हसली, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

पुढच्या वळणावर तिने थाप दिली आणि त्याच वेळी एक ऑटो डावीकडून आत घुसला. तिने खांदा गच्च दाबला. गाडी कचकन थांबली. जाईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि ती रडू लागली. ऑटोवाला शिवी देऊन निघून गेला.

आता तरी हे बोलतील, असं मनकर्णाला वाटलं. केशवरावांची मान ताठ होती. "काहून दाबलं वो?" ते म्हणाले. "मी पायलं होतं ना त्याले. उगाच पोरीले लागलं."

आचलने जाईला कुशीत घेऊन तिचं कपाळ चोळलं. ती रागावली नव्हती, उलट समजुतीने बोलली. "जाऊ दे, आई. तुले नाही जमत कारमध्ये. रोज शाळेत काही तुले जायचं नाही. बाबा अन् जाई, दोघंच जातीन."

दोघंच. मनकर्णाने जाईच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे लाल झालं होतं. बोलावं तर आचलची शपथ, न बोलावं तर आचलची लेक. तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

जठारपेठेच्या चौकात डावीकडे वळायचं होतं. गाडी मंदावली आणि थांबली. रस्ता मोकळा होता. मनकर्णाला तो दिसत होता. तिने हात उचलला नाही.

केशवराव थांबून राहिले. मागून हॉर्न वाजला, मग दुसरा. ललित म्हणाला, काका, घ्या ना. केशवरावांनी मान पूर्ण वळवून डावीकडे पाहायचा प्रयत्न केला, मध्ये ललित येत होता. त्यांनी गाडी बोटभर पुढे नेली आणि पुन्हा ब्रेक मारला. डावा खांदा त्यांनी जरासा मागे झुकवला, जणू तिला तो गवसत नसावा.

"मनकर्णा," ते हळू आवाजात म्हणाले.

ती आपल्या बांगड्यांकडे पाहत होती.

"हात ठेव ना."

"बाबा," आचल म्हणाली, "हात कशाले पाह्यजे?"

हॉर्न वाजतच होते. केशवरावांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि चावी ललितच्या हातात दिली. मागे न पाहता ते म्हणाले, "मले डाव्या डोळ्यानं दिसत नाही, आचल. बरेच दिवस झाले."

 आचलने जाईला आईच्या मांडीवर दिलं आणि ती उतरली. केशवराव उतरून गाडीला वळसा घालून येत होते. ती त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांचा दंड धरला. मनकर्णालाही उतरायचं होतं. तिच्या बाजूचं दार लहान मुलांनी उघडू नये म्हणून फक्त बाहेरून उघडेल असं करून ठेवलेलं होतं, ते उघडेना. ती जाईला घेऊन तशीच बसून राहिली.

ललितने गाडी परत नेली. केशवराव पुढे डावीकडच्या सीटवर बसले होते.  शोरूमपाशी गाडी थांबल्यावर आचल आणि ललित उतरले, तेव्हा केशवराव समोर पाहतच म्हणाले, "शपथ तर पाळली तू."

"पाळली," मनकर्णा म्हणाली, आणि बाहेरून कुणी दार उघडायची वाट पाहत राहिली.