दोन बादल्या

पॅरामॅटा शहरातल्या बँकेतली नोकरी सोडून मी द्राक्षमळ्यात गेले तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "एक हंगाम बघ." मळ्याच्या मालकाचंही तेच: हंगामभर काम बघू, मग ठेवायचं की नाही ते ठरवू. म्हातारा मूळचा दक्षिण पोर्तुगालचा, अलेंतेजूचा. तिकडच्या उन्हात वाढलेला, त्यामुळे इथल्या उन्हाचं त्याला कौतुक नव्हतं. म्हणायचा, "ऊन साखर देतं. बाकी सगळं माती ठरवते." मी मान डोलावायचे. मनावर मात्र घेत नव्हते.

फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, पारा बेचाळीसवर गेला. तोडणी कधी, ते माझ्या नमुन्यावर ठरणार होतं. मी उतारावरच्या सगळ्या ओळींतून मणी तोडले, एकाच बादलीत चुरडले आणि रसातली साखर मोजली. आकडा हवा तसा आला. अख्खी नोकरी सरासऱ्या काढण्यात घालवलेल्या बाईला आणखी काय हवं? गुरुवारची तोडणी मी सांगून टाकली.

बुधवारी दुपारी सहज चढ चढून वर गेले. वर सगळी वाळू. तिच्यात पाणी टिकत नाही, त्यामुळे पानं करपलेली, मणी मनुकांसारखे सुरकुतलेले. खाली चिकणमाती, आत ओल धरून असलेली. तिथले मणी टपोरे, पण बी हिरवी आणि रस आंबट. माझा आकडा दोन्हींपैकी कुणाचाच नव्हता. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण मी दोन भांड्यांतली शितं एकत्र कालवली होती.

गप्प राहिले असते तर दोष उन्हावर गेला असता. तो मोह मला झाला, खोटं कशाला बोलू? बराच वेळ पंपघराच्या सावलीत बसून राहिले. मग शेडमध्ये जाऊन म्हाताऱ्याला सगळं सांगितलं.

तो कात्री उचलून तरातरा वर गेला, मी मागे. एक मणी चावला आणि थुंकला.

"ही आठवड्यापूर्वी तोडायला हवी होती."

"सॉरी."

"गावी आम्ही वाळूतली आणि चिकणमातीतली द्राक्षं वाइनसाठी दोन वेगळ्या रांजणांत घालायचो."

"मी निघू का?" मी विचारलं.

"कुठे? क्रेट आण."

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं वरच्या ओळी तोडत होतो. निम्मे घड त्याने मातीत टाकले. घडागणिक मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

शेवटचा क्रेट उचलताना तो म्हणाला, "खालची राहू दे अजून. आणि पुढच्या हंगामात बादल्या दोन घे."

मी हो म्हटलं. मग क्रेटचं दुसरं टोक धरलं.